हातावरचं तेल

"हात दे," मी म्हटलं.

विश्रामनं शर्टाची बाही कोपराच्या वर सरकवली आणि हात टेबलावर उताणा ठेवला. मनगटाच्या जरा वर, आतल्या मऊ बाजूला, मी काचेची बुटकी बिनबुडाची नळी दाबून धरली आणि तिच्यात पिपेटनं थोडं द्रावण सोडलं. त्यानं दचकून बोटं मिटली.

"गार आहे गं!"

"असणारच. हलू नकोस. सांडलं तर पुन्हा करावं लागेल."

"मग सांडू दे की."

मी वर बघितलं नाही. बघितलं असतं तर हसले असते आणि नळी हलली असती. काचेच्या कांडीनं मी हळूहळू घासत राहिले. द्रावण त्वचेतली चरबी विरघळवून घेतं. मग ते ओढून बाटलीत भरायचं, बाटलीवर माणसाचं नाव लिहायचं आणि दुसऱ्या माणसाला हाक मारायची. माझी सगळी पीएचडी असल्या बाटल्यांवर उभी होती.

भाऊबीजेनंतरचा दिवस होता. आमची संस्था पुण्याबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी. सुट्टी संपवून माणसं एकेक करून परतत होती आणि प्रत्येकाच्या हातात फराळाचा डबा होता. व्हरांड्यात चिवड्याचा आणि ॲसिटोनचा वास एकमेकांत मिसळला होता. बाहेर धुकं इतकं खाली उतरलं होतं, की खिडकीतून समोरचा गुलमोहरसुद्धा दिसत नव्हता. अशा सकाळी काहीही खरं वाटतं.

"बोल," मी म्हटलं. "घरी काय काय केलंस?"

खरं सांगायचं तर मला त्याची दिवाळी ऐकायची नव्हती. त्याच्या आईची ऐकायची होती.

"काय करणार? पहाटे आईनं उठवलं. चुलीवर पाणी, अंगणात पाट. तेलात काय काय टाकून कढवती ती, वाळा, कचोरा, मला नावंबी येत नाहीत. पाठीला असं रगडलं की मी ओरडलोच. म्हणाली, पुण्याला जाऊन कातडं पातळ झालं तुझं. मग हात घेतला. कोपरापासून मनगटापर्यंत, एकेक बोट ओढून. आणि एक दिवस नाही, रोज! मी म्हटलं, अगं, तेल पहिल्या आंघोळीला लावतात. तर म्हणाली, वर्षाचं एकदम लावून ठेवते."

तो डोळे मिटून सांगत होता. आईचा विषय निघाला की तो नेहमीच डोळे मिटायचा. विश्राम आमच्या शेजारच्या प्रयोगशाळेत उत्प्रेरकांवर काम करायचा. आमची ओळख होऊन वर्ष झालं होतं आणि त्या वर्षात मी त्याच्यापेक्षा त्याच्या आईच्याच प्रेमात जास्त पडले होते. मेढ्याच्या पुढं डोंगरात त्यांची वाडी. धुक्यात म्हैस हरवली की ही बाई तिला हाक मारत नसे, मोठ्यानं शिंकत असे, आणि म्हैस कुठूनतरी हंबरून उत्तर देत असे. फणसाला टिचकी मारून ती आतले गरे सांगायची. दारात आलेल्याला गुळाचा खडा खाल्ल्याशिवाय जाऊ द्यायची नाही, मग तो वीजबिलवाला का असेना. मी तिला कधी बघितलं नव्हतं. पण हॉस्टेलच्या खाटेवर पडल्यापडल्या मी त्या अंगणात जाऊन बसायचे, आणि ती माझ्या केसांत हात घालून म्हणायची, काय गं हे, किती कोरडे!

"मग? सांगलीला कधी येणार त्या?" मी विचारलं.

"येणार की. म्हणाली, भात झोडून झाला की निघते."

"तुळशीच्या लग्नाच्या आत?"

"आतच."

मी द्रावण ओढून घेतलं, नळी उचलली. त्याच्या हातावर लालसर गोल वळ उमटला होता. त्यावरून अंगठा फिरवायचा मोह मला झाला आणि मी तो फिरवलाही.

माझं सगळं त्या 'आतच'वर टांगलेलं होतं. माझे वडील, अप्पा, सांगलीत चष्म्याचं दुकान चालवत. विश्रामबद्दल सांगितलं तेव्हा ते चिडले नाहीत. हातातली काच पुसत म्हणाले, "मी त्याची जात विचारत नाही, पगार विचारत नाही. त्याच्या आईला एकदा आपल्या घरी येऊन बसू दे. आई बघितली की मुलगी कुठं चाललीय ते कळतंय." मग सहा महिने विश्रामची आई येत राहिली आणि आली नाही. आधी पेरणी आली, मग तिचा गुडघा, मग म्हैस व्याली. शेवटी अप्पांनी सांगितलं, तुळशीच्या लग्नापर्यंत वाट बघतो, नाहीतर तुला सांगून आलेल्या बेळगावच्या डॉक्टरांच्या स्थळाला होकार कळवतो. मी हट्टी आहे, पण अप्पांचा हट्ट माझ्या हट्टाचा बाप. आणि त्यांना दुखवून लग्न करायची माझी छाती नव्हती.

त्या सकाळी मी आमच्या प्रयोगशाळेतल्या सगळ्यांचे हात धरले. निमकर मॅडम म्हणजे माझ्या गाइड, माझी मैत्रीण ग्लेंडा फर्नांडिस, प्रयोगशाळेत मदत करणारे किसनराव, मी स्वतः, आणि पाहुणा म्हणून विश्राम. बाटल्या फ्रीजमध्ये ठेवताना मला कोण आनंद झाला होता.

माझा प्रश्न साधा होता. एकाच साबणानं एकाची कातडी फुटते, दुसऱ्याची फुटत नाही, असं का? त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामधे चरबीचे पापुद्रे असतात. साबण त्या पापुद्र्यांत शिरतो आणि त्यांना आपल्याबरोबर घेऊन जातो. पण सगळ्यांचे पापुद्रे सारखे नसतात. सेरामाइड नावाचं एक द्रव्य, कोलेस्टेरॉल, आणि फॅटी ॲसिड, या तिघांचं प्रमाण माणसागणिक बदलतं. मॅडम म्हणायच्या, "नुसत्या सेरामाइडची भिंत कडक होते गं, पण कडक भिंत तडकते. कोलेस्टेरॉल आलं की ती वाकायला शिकते. संसारच आहे तो. साबण कुठून शिरतो? जिथं यांचं पटत नाही तिथून."

हे बघायची युक्ती मात्र मोठी सुंदर होती. एखाद्याच्या त्वचेतली चरबी घेऊन तिचे डोळ्यांना न दिसणारे फुगे करायचे आणि त्यांच्या पोटात एक रंग कोंडायचा. हा रंग दाटीवाटीनं कोंडलेला असला की मंद असतो. फुगा फुटून तो बाहेर पाण्यात पसरला की निळ्या दिव्याखाली हिरवा झळाळतो. साबणाचा थेंब घालायचा, अंधारात बसायचं आणि बघायचं. जेवढा वेळ अंधार, तेवढी भिंत मजबूत. पहिल्यांदा तो हिरवा उजेड बघितला तेव्हा मी तासभर डार्करूममधून बाहेर आले नव्हते. ग्लेंडा दार वाजवून विचारत होती, "जेवायला येतेस, की आत काजवे पाळलेत?"

दिवाळीनंतरचे फुगे मात्र धरेचनात. रंग कोंडायच्या आधीच सगळं पाणी फिक्कट हिरवं दिसायला लागलं. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. किसनरावांचं तसंच, मॅडमचं तसंच, माझं तर सगळ्यात वाईट. साबणाचा थेंबसुद्धा घातला नव्हता.

"प्लेट घाल," मॅडम म्हणाल्या. "नमुन्यात काय आहे ते आधी बघ."

प्लेट म्हणजे पांढऱ्या भुकटीचा थर दिलेली काच. तिच्या पायाशी ओळीनं प्रत्येकाच्या नमुन्याचा थेंब लावायचा आणि ती द्रावणाच्या बरणीत उभी करायची. द्रावण वर चढत जातं आणि वाटेत एकेका चरबीला तिच्या तिच्या उंचीवर सोडून देतं. मग आम्ल फवारून काच तापवली की काळे ठिपके उमटतात. प्रत्येक माणसाची एक उभी वाट, आणि त्या वाटेवर त्याचं सेरामाइड, त्याचं कोलेस्टेरॉल.

प्लेट गार झाल्यावर मॅडमनी ती खिडकीशी धरली आणि खो खो हसायला लागल्या.

"अगं वेडे! हे बघ काय आहे वर!"

जवळजवळ प्रत्येक वाटेच्या वरच्या टोकाला एक मोठा, पसरट, काळाकुट्ट डाग होता. इतका मोठा की खालचे ठिपके लाजून गेले होते.

"तेल!" मॅडम म्हणाल्या. "तिळाचं, खोबऱ्याचं, ज्याच्या त्याच्या घरचं. अभ्यंगस्नान, पाडवा, भाऊबीज. चार दिवस सगळा महाराष्ट्र तेलात बुडून निघाला आणि तू दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे हात धुवायला बसलीस! हे लिहून कुठल्या परदेशी मासिकाला पाठवशील? त्यांना काय कळणार आहे?"

ग्लेंडा पोट धरून हसत होती. किसनराव आपला हात हुंगून बघत होते. मीही हसले, म्हणजे ओशाळून जेवढं हसता येतं तेवढं.

"पंधरा दिवस थांब," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांना साध्या साबणानं आंघोळ करू दे. मग पुन्हा घे. पण दोन चांगले मिळालेत बरं का. या दोन वाटा बघ, किती स्वच्छ. वर काही नाही."

"ही माझी," ग्लेंडा म्हणाली. "आमच्याकडे कोण तेल लावणार? मी चार दिवस झोपा काढल्या."

"आणि ही?"

मी प्लेटच्या कडेला पेन्सिलनं लिहिलेली आद्याक्षरं वाचली. वाचायची गरज नव्हती. नमुने मीच लावले होते.

"विश्राम," मी म्हटलं.

"वा. मग याच दोघांवर काम सुरू कर," म्हणून मॅडम गेल्या.

मी प्लेट घेऊन खिडकीशी उभी राहिले. धुकं आता विरलं होतं. कोपरापासून मनगटापर्यंत, एकेक बोट ओढून. चार दिवस, रोज. मी मनातल्या मनात शंभर कारणं काढली. त्यानं साबण जास्त लावला असेल. बसमध्ये घाम आला असेल. मी नळी भलत्या जागी धरली असेल. पण माझ्याच वाटेवर, दोनदा साबण लावून आलेल्या माझ्या हातावर, आईनं लावलेल्या तेलाचा डाग रुपयाएवढा होता.

तो घरी गेला नव्हता. मग चार दिवस कुठं होता? आणि ही सगळी दिवाळी त्यानं कुठून आणली?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्याच नमुन्याचे फुगे केले. ते झकास धरले. विश्राम चहाच्या वेळेला डोकावला तेव्हा मी म्हटलं, "ये. तुझीच कातडी आहे. बघायला बस."

मी काळा पडदा ओढला. आत निळ्या दिव्याची एक रेघ आणि आम्ही दोघं. नळीतलं पाणी काळंभोर होतं. मी साबणाचा पहिला थेंब सोडला.

"आई बऱ्या आहेत ना?" मी विचारलं.

"बरी आहे की. गुडघा तेवढा."

पाणी काळंच होतं. मी दुसरा थेंब सोडला.

"दिवाळीत शेवया केल्या का त्यांनी?"

"केल्या ना. पाटावर वळती. बोटं अशी चालतात तिची, बघितलंस तर गुंगी येईल." अंधारात त्याचा आवाज मऊ झाला होता. "परसात बसते. मांडीवर मांजर असतं. शेवई खाली लोंबती आणि मांजर तिला पंजा मारतं. आई म्हणती, मार, मार, तुझ्याच लग्नात वाढायच्यात."

मी थेंब सोडायला विसरले. मला ते मांजर दिसत होतं. माझी खात्रीच पटली, की प्लेट खोटी आहे आणि हे खरं आहे. असं कुणाला रचता येतं का? मला वाटतं, तो पडदा कुणी उघडला नसता तर आम्ही दोघं आजही आत बसलो असतो आणि शेवया वाळत राहिल्या असत्या.

पण तुळशीचं लग्न आठ-दहा दिवसांवर आलं होतं. अप्पा सांगलीत वाट बघत होते.

"विश्राम," मी म्हटलं, "भाताचं काम टाकून त्यांना सांगलीला ओढायला नको. गुडघाही दुखतोय. मीच जाते मेढ्याला. या रविवारी. अप्पांनाही तिकडंच घेऊन जाते."

त्यानं स्टूल मागं सरकवलं.

"पहाटेची गाडी असेल ना? वाडीपर्यंत चालत किती लागतं?"

"नको."

"का? माझ्यानं चालवेल."

"हेमांगी, नको जाऊस."

"का पण?"

निळ्या दिव्यात त्याची फक्त बोटं दिसत होती. ती टेबलाची कड धरून होती.

"तिथं कुणी नाही," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. फार थोडं. आई दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात गेली. तेराव्यानंतर तो संस्थेत परत आला, तेव्हा मेसमध्ये कुणीतरी सहज विचारलं, आई आजारी होती ना, बरी आहे का आता? "मी हो म्हटलं. बरी आहे. आणि ताट घेऊन बसलो. पहिल्यांदाच मला जेवण गेलं. मग कुणी विचारलं की मी सांगायचो. गावाला गेलो की ती मेलेली असते. घराला कुलूप असतं. म्हणून मी जात नाही. दिवाळीचे चार दिवस रिकाम्या हॉस्टेलवरच होतो. इथं ती बरी होती. इथं कुणाला माहीत नव्हतं."

"आणि मी?" माझा आवाज चढला. "मलासुद्धा?"

"तुला तर सगळ्यात जास्त. तू इतकी विचारायचीस. तू विचारलंस की ती उठून कामाला लागायची."

मी पडदा ओढून बाहेर आले. दुपारचं ऊन डोळ्यांत घुसलं. राग आला होता, भयंकर राग. हॉस्टेलवर जाऊन उशीत तोंड खुपसून रडले, तेव्हा लक्षात आलं, की मी फसवली गेले म्हणून रडत नव्हते. ती बाई गेली म्हणून रडत होते. माझ्या केसांत हात घालणारी, शिंकून म्हैस बोलावणारी माझी सासू त्या दुपारी वारली होती. आणि मला कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

नळी तशीच राहिली होती. संध्याकाळी ग्लेंडानं मला डार्करूममध्ये नेऊन ती दाखवली. दोन थेंब पडून इतका वेळ झाला तरी पाणी काळंच होतं. "याची कातडी गेंड्याची आहे," ती म्हणाली. मॅडमनी नंतर प्रमाण काढलं. सेरामाइड आणि कोलेस्टेरॉल अगदी जसं असायला हवं तसं, जोडीनं. साबणाला कुठं वाटच नव्हती.

पुढचे काही दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. मग तोच आला. दाढी वाढलेली. व्हरांड्यात उभा राहून खाली बघत म्हणाला, "माझी एक मावशी आहे कोरेगावला. दिसायला आईसारखीच. अप्पांना काय, एकदा बघायचंय ना? ती येईल. एका दिवसाचा प्रश्न आहे."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला तो मार्ग सोपा वाटला. मावशी येईल, चहा घेईल, अप्पा खूश, लग्न ठरलं. मग मला ती मावशी आमच्या बैठकीत बसलेली दिसली आणि अंगावर काटा आला.

"आणि लग्नानंतर?" मी विचारलं. "अप्पा तब्येत विचारतील तेव्हा? दर वर्षी मावशी आणायची, की आईला पुन्हा एकदा मारायचं?"

तो भिंतीला टेकला.

"सांगलीला ये," मी म्हटलं. "जे आहे ते सांग. पुढचं अप्पा ठरवतील."

"ते नाही म्हणतील."

"म्हणतील," मी म्हटलं. मला तरी दुसरं काय वाटत होतं? अप्पांना खोटं बोलणाऱ्या माणसाची चीड होती. चष्म्याचा नंबर चुकीचा सांगणाऱ्या गिऱ्हाइकालासुद्धा ते दुकानाबाहेर काढत.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी दुपारी आम्ही सांगलीला पोचलो. आमचं घर दुकानाच्या मागंच. अंगणात वृंदावनाला उसाचा मांडव घातला होता, चिंचा-आवळे लावले होते. बैठकीत आईनं नवी सतरंजी अंथरली होती आणि कोपऱ्यात एका ताटात खण, नारळ, तांदूळ काढून ठेवले होते. विश्रामच्या आईची ओटी भरायला.

अप्पा दारातच होते. हातात कुणाच्यातरी चष्म्याची काच आणि पुसायचं फडकं. त्यांनी विश्रामच्या खांद्यावरून मागं रस्त्याकडं बघितलं.

"एकटाच? आईसाहेब कुठं आहेत?"

विश्रामनं चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

"अप्पा, आई नाही," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली तिला जाऊन. मी खोटं बोललो. हिच्याशी, तुमच्याशी, सगळ्यांशीच. हिला आत्ता कळलंय. हिची काही चूक नाही."

आतून माझी आई बाहेर आली होती. तिनं पदर तोंडाशी धरला. अप्पा काच पुसतच राहिले. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

"कशानं गेल्या?" शेवटी त्यांनी विचारलं.

"ताप. पावसाळ्यात. दवाखाना ओढ्याच्या पलीकडं, आणि ओढा भरलेला."

"तू होतास का तिथं?"

"नाही. मला निरोप उशिरा मिळाला. पोचलो तेव्हा राखसुद्धा गार झाली होती." विश्राम उंबऱ्याकडं बघून बोलत होता. "मी तिला गेलेली बघितलीच नाही, अप्पा. आदल्या महिन्यात मी निघालो तेव्हा ती ओढ्यापर्यंत पोचवायला आली होती. गुळाचा खडा दिला. तिथंच उभी होती. माझ्या डोक्यात ती अजून तिथंच उभी आहे. तिला आत कोण घेऊन जाणार?"

हे त्यानं मलाही सांगितलं नव्हतं.

अप्पांनी काच फडक्यात गुंडाळली आणि कोनाड्यात ठेवली. मला त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. मग सदरा काढला. आता हे बेळगावला फोन करायला शेजारी जातील, असं मला वाटलं, पण उघड्या अंगानं कुणी फोनला जात नाही.

"बादली काढ," ते आईला म्हणाले. "गार पाणी. डोक्यावरून आंघोळ करायची आहे."

"आता? भरदुपारी?"

"विहीण गेली माझी. आज कळलं."

आई त्यांच्याकडं बघत राहिली. मग दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, पण सोयरीक कुठं झालीय अजून?"

"झाली," अप्पा म्हणाले.

कोपऱ्यातलं ओटीचं ताट उचलून आई आत गेली आणि बादली घेऊन आली. अप्पा अंगणातल्या दगडावर बसले. आईनं त्यांच्या डोक्यावर तांब्यामागून तांब्या पाणी घातलं. न साबण, न तेल, नुसतं गार पाणी. मी दाराला धरून उभी होते. मला हुंदका आवरेना आणि मी तो आवरलाही नाही.

"तूही बस," अप्पा विश्रामला म्हणाले. "दोन वर्षं झाली असली तरी बस."

तो कपड्यांसकट जाऊन बसला. पाणी अप्पांनी स्वतः घातलं. एक तांब्या, दुसरा, तिसरा, सावकाश, डोक्यावर हात ठेवून. विश्राम मान खाली घालून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. अप्पा थांबले नाहीत.

"तुळशीचं लग्न उद्या लावू," ते आईला म्हणाले. "पौर्णिमेपर्यंत कधीही लागतंय."

मग निथळत्या धोतरानं ते उठले, दक्षिणेकडं तोंड करून उभे राहिले आणि तांब्यातलं शेवटचं पाणी ओंजळीत घेतलं. पाणी सोडायला हात पुढं केला आणि थबकले.

"नाव काय रे त्यांचं?"

वर्षभर मी त्या बाईच्या अंगणात राहिले होते, आणि हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं.

"शेवंता," विश्राम म्हणाला.

अप्पांनी ते नाव मोठ्यानं घेतलं आणि पाणी सोडलं.